थेंब पानावर पडेल की धुऱ्यापलीकडे जाईल?

खळ्यावर उफणणी चालू असते तेव्हा दाणा आणि भूस एकाच सुपातून, एकाच उंचीवरून, एकाच वाऱ्यात सुटतात. दाण्याची रास उफणणाऱ्याच्या पायाशी लागते. भूस, म्हणजे आमच्या विदर्भातलं कुटार, आठ-दहा हात लांब जाऊन पडतं. वारा दोघांनाही सारखाच लागतो. पण दाण्याचं वजन त्याच्या आकाराच्या मानाने भारी, म्हणून हवेचा विरोध त्याला फारसा अडवत नाही आणि तो क्षणात खाली येतो. कुटाराला वजन थोडं आणि हवेला भिडणारं अंग मोठं. हवा त्याला खालीच येऊ देत नाही, आणि ते जितका वेळ अधांतरी राहतं तितका वेळ वारा त्याला ओढत नेतो.

फवारणीच्या पंपातून बाहेर पडणाऱ्या थेंबांचं अगदी असंच होतं. कुठलंही नोझल सगळे थेंब एका मापाचे पाडत नाही. दाण्यासारखे मोठे थेंब आणि कुटारासारखे बारीक थेंब एकाच वेळी सुटतात. मोठे पानावर जातात, बारीक वाऱ्यावर. उफणणीत कुटार उडून जायलाच हवं असतं. फवारणीत जे उडून जातं ते मात्र औषध असतं, आणि ते फवारणाऱ्याच्या छातीत, शेजारच्या वावरात किंवा विहिरीच्या पाण्यात जाऊन बसतं.

२०१७ च्या पावसाळ्याच्या शेवटी यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो जण दवाखान्यात दाखल झाले. त्यामागे औषधांचं मिश्रण, संरक्षक कपड्यांचा अभाव अशी अनेक कारणं होती. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्याइतकी वाढली होती, तासांत दाटी झाली होती, आणि बारीक धुई सोडणारे जोराचे पंप हातात आले होते. उंच पिकात बारीक थेंब सोडले की ते माणसाच्या नाकातोंडाच्या उंचीवरच तरंगत राहतात. औषध कोणतं आणि किती, हे आपण दुकानात विचारतो. वाऱ्याला मात्र कोणी विचारत नाही. म्हणून या लेखात फक्त वारा आणि थेंब यांच्याबद्दल लिहितो आहे, फवारणीच्या आदल्या दिवसापासून सुरुवात करून.

आधी थेंबाचा हिशेब

थेंबाचं माप मायक्रॉनमध्ये सांगतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० ते १०० मायक्रॉन जाड असतो. जॉर्ज स्टोक्स या शास्त्रज्ञाने १८५१ साली लहान गोळा हवेतून किंवा पाण्यातून जाताना त्याला किती विरोध होतो याचं गणित मांडलं. त्या गणिताप्रमाणे अगदी बारीक थेंबाचा व्यास निम्मा झाला की त्याचा खाली पडण्याचा वेग पाव होतो. सगळा घोळ इथेच आहे.

स्थिर हवेत ४०० मायक्रॉनचा थेंब सेकंदाला साधारण दीड मीटर खाली येतो. १०० मायक्रॉनचा थेंब सेकंदाला जेमतेम २७ सेंटिमीटर, आणि २० मायक्रॉनचा थेंब सेकंदाला सव्वा सेंटिमीटरच्या आसपास. आता ताशी ८ किलोमीटरचा वारा धरा. नोझल पिकापासून अर्धा मीटर वर असेल तर ४०० मायक्रॉनचा थेंब मीटरभराच्या आत पडतो, १०० मायक्रॉनचा चार मीटर पुढे जातो. तेच नोझल अडीच मीटर उंच धरलं तर १०० मायक्रॉनचा थेंब वीस मीटरपर्यंत जातो. म्हणजे धुरा ओलांडून शेजाऱ्याच्या वावरात. २० मायक्रॉनच्या थेंबाचा तर हिशेबच मांडू नये. तो पडत नाही, हवेत मिसळतो.

कोणी म्हणेल, नोझलमधून थेंब जोरात सुटतो, त्या जोरावर तो पानापर्यंत जाईलच. मोठ्या थेंबाच्या बाबतीत हे खरं आहे. सेकंदाला २० मीटर वेगाने सुटलेला ४०० मायक्रॉनचा थेंब हवेचा विरोध सोसूनही दीड मीटरपर्यंत आपला जोर टिकवतो. १०० मायक्रॉनचा थेंब त्याच वेगाने सुटला तरी वीतभर अंतरात थांबतो आणि ५० मायक्रॉनचा चार बोटांत. पंपाचा जोर वाढवून बारीक थेंब लांब फेकता येत नाही. फोलपट कितीही ताकदीने फेका, हाताजवळच गळून पडतं.

आणखी एक गोष्ट उन्हाची. ३० अंश तापमान आणि हवेत निम्माच ओलावा असेल तर १०० मायक्रॉनचा पाण्याचा थेंब पंधरा-सोळा सेकंदांत वाळून जातो. वाळता वाळता तो बारीक होतो, म्हणजे आणखी सावकाश पडतो, म्हणजे आणखी वाळतो. शेवटी पाणी उडून जातं आणि औषधाचा कण हवेत राहतो. दुपारी फवारू नये हे सगळे सांगतात, त्याचं एक कारण हे. तापलेल्या जमिनीवरून वर चढणारी हवा थेंबाला वर उचलते, हे दुसरं.

आदल्या दिवशी: चारही धुरे फिरा

कागद-पेन घ्या किंवा नुसतं डोक्यात ठेवा, पण वावराला एक चक्कर मारा. कोणत्या धुऱ्यापलीकडे काय आहे ते बघा: विहीर, गोठा, घर, भाजीचा वाफा, मधमाश्यांच्या पेट्या, तुतीची बाग. जालना, बीडकडे रेशीम करणारे शेतकरी तुतीच्या बाबतीत फार जपून असतात, आणि ते बरोबरच आहे. कीटकनाशकाचा अंश लागलेला पाला पडला तर रेशीमकिडे मरतात.

तणनाशक मारायचं असेल तर ही चक्कर दुप्पट महत्त्वाची. गहू किंवा उसातल्या रुंद पानांच्या तणावर मारलं जाणारं टू-फोर-डी कपाशीला आणि द्राक्षाला फार थोड्या मात्रेतही बाधतं. एका वर्षी आमच्या पऱ्हाटीच्या तीन-चार तासांची पानं अचानक अरुंद झाली, शिरा एकत्र आल्यासारखी, भेंडीच्या पानासारखी दिसू लागली. आम्ही रोग समजून दोन औषधं मारली. रोग नव्हताच. पलीकडच्या वावरातून आलेलं तणनाशक होतं, आणि मारणाऱ्याला आजही वाटतं की त्याने आपल्या बांधाच्या आतच मारलं. तो खोटं बोलत नाही. त्याने जे थेंब पाहिले ते आतच पडले होते. आमच्याकडे आले ते डोळ्याला न दिसणारे.

चक्कर मारून झाली की शेजाऱ्याला सांगा. त्याच दिवशी त्याच्या वावरात निंदण चालू असेल, बायका वाकून काम करत असतील, तर आपला दिवस बदलावा.

पहाटे: उदबत्ती लावा

वाऱ्याचा वेग मोजायचं छोटं यंत्र हातात असेल तर उत्तम. नसेल तर एक काठी, दोन हात लांब हलकी फीत आणि उदबत्तीचा पुडा पुरेसा आहे. पिकाच्या शेंड्याच्या थोडं वर फीत बांधा आणि उदबत्ती लावून दहा मिनिटं उभे राहा.

धूर सरळ वर जात असेल, पान हलत नसेल, तर बहुतेक जण म्हणतात, आज वारा पडला आहे, फवारायला चांगलं. मला सर्वांत जास्त भीती याच वेळेची वाटते. निरभ्र रात्री जमीन थंड होते, तिला लागून असलेली हवा थंड आणि जड होते, वर उबदार हवेचा थर बसतो. भूगोलात याला तापमानाची विपरीतता म्हणतात. त्या थंड थरातून हवा वर जात नाही, मिसळत नाही. फवारलेले बारीक थेंब त्यात अडकतात, झाकणाखाली वाफ अडकते तसे. मग एखादी मंद झुळूक तो आख्खा थर न विरळ करता उचलते आणि उतारावरच्या वस्तीकडे नेते. चुलीचा धूर वर न जाता गावावर आडवा पसरलेला दिसला, खोलगटात धुकं बसलेलं दिसलं, पानावर दव असलं, लांबचा आवाज जवळ ऐकू आला, की समजावं की हा थर अजून मोडलेला नाही. उदबत्तीचा धूर थोडा वर जाऊन आडवा लांबत राहिला तर तीच खूण. सूर्य उगवल्यावर साधारण तास-दोन तासांनी जमीन तापली की थर मोडतो. संध्याकाळी तो सूर्य बुडण्याच्या आधीपासूनच बसू लागतो. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागेत पहाटेच्या धुक्यात घाईने ब्लोअर फिरवणाऱ्यांनी ही गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी.

आता वारा सुटला आहे असं धरू. त्याचा वेग चेहऱ्यावर आणि पानांवर वाचता येतो. धूर एका दिशेला कलतो पण चेहऱ्याला काही जाणवत नाही, तेव्हा वेग ताशी १ ते ५ किलोमीटर असतो. चेहऱ्याला वारा लागतो, पानं सळसळतात, तेव्हा ६ ते ११. पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलतात तेव्हा १२ ते १९. धूळ आणि कागद उडू लागले की २० च्या वर. फवारणी करायची ती ३ ते १० किलोमीटरच्या दरम्यान, आणि वाऱ्याची दिशा एकच असेल तेव्हा. डहाळ्या हलू लागल्या की पंप खाली ठेवायचा. तणनाशकाला मी याहून कडक राहतो: चेहऱ्याला वारा नीट जाणवू लागला की थांबतो.

वारा आडवा घ्या

फवारणाऱ्या माणसाच्या दृष्टीने सगळ्यात मोलाची पायरी ही. समजा वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो आहे. तर सुरुवात पूर्वेच्या धुऱ्यापासून करायची. उत्तर-दक्षिण चालायचं, म्हणजे वारा कायम एका कुशीवर लागेल. लान्स पूर्वेच्या बाजूला, वाऱ्याखाली धरायची. एक फेरी संपली की पुढची फेरी पश्चिमेला सरकून. असं केलं की आपण नेहमी कोऱ्या हवेत आणि कोरड्या पिकात असतो. उडालेली धुई आपल्यापासून दूर, आधीच फवारलेल्या भागावरून जाते.

वाऱ्याकडे तोंड करून समोर फवारू नये हे कोणालाही कळतं. पण पाठीवर वारा घेऊन समोर फवारणंही चुकीचंच आहे, आणि हे फार थोड्यांना माहीत असतं. नदीच्या धारेत मोठा दगड असला की त्याच्या खालच्या अंगाला पाणी उलटं फिरतं, काडी-कचरा तिथे गोल गोल घुमत राहतो. पाठीवर वारा घेतलेला माणूस म्हणजे तो दगड. त्याच्या छातीसमोर हवा उलटी फिरते आणि बारीक थेंब चेहऱ्याकडे परत आणते. वारा आडवा असेल तर हा भोवरा कुशीला पडतो, तोंडासमोर नाही.

तासच वाऱ्याच्या दिशेने पेरलेले असतील तर काय? पीक कमरेखाली असेल तर तास ओलांडून आडवं चालता येतं. पीक दाट आणि उंच असेल तर दिशा बदलण्याची वाट बघावी. अगदीच नाइलाज असेल तर वाऱ्याकडे तोंड करून चालावं आणि लान्स मागे, एका कुशीला धरून फवारावं, म्हणजे आपण ओल्या पानांतून चालत नाही. छातीच्या वर गेलेल्या कपाशीत माझं मत स्पष्ट आहे: पाठीवरचा जोराचा धुईचा पंप घेऊन माणसाला आत पाठवू नये.

नोझल, दाब आणि उंची

बॅटरी पंपावरचा खटका पूर्ण फिरवून ठेवायची सवय आपल्याकडे सार्वत्रिक आहे. धुई दिसली की काम झाल्यासारखं वाटतं. दाब चौपट केला तर पाणी फक्त दुप्पट येतं, पण थेंब मात्र बारीक होत जातात. ४०० मायक्रॉनचा एक थेंब फुटून १०० मायक्रॉनचे झाले तर ते ६४ होतात. पानभर शिंतोडे पडावेत म्हणून थोडा बारीकपणा लागतो, स्पर्शाने काम करणाऱ्या बुरशीनाशकाला तर तो हवाच. पण आंतरप्रवाही औषधाला आणि बहुतेक तणनाशकांना मोठा थेंब चालतो. तणनाशकाला फ्लॅट फॅन किंवा फ्लड जेट नोझल, कमी दाब. कीटकनाशक, बुरशीनाशकाला हॉलो कोन, मध्यम दाब. झिजलेलं नोझल बदलायचं. अडकलेलं नोझल तोंडाने फुंकायचं नाही, जुन्या दात घासायच्या ब्रशने साफ करायचं.

उंचीबद्दल नियम सरळ आहे. पिकापासून हात-दीड हातापेक्षा वर जायचं नाही. जमिनीपासून वर जावं तसा वारा वाढत जातो, त्यामुळे नोझल उंच धरण्याचा तोटा दुहेरी होतो: पडायला वेळ जास्त आणि वाराही जास्त.

कोऱ्या पाण्याची चाचणी

औषध कालवण्याआधी एक टाकी नुसत्या पाण्याची मारा. पाण्यात थोडी पातळ नीळ टाका. वाऱ्याखालच्या धुऱ्यावर आणि धुऱ्यापलीकडे पाच-पाच पावलांवर काठ्या रोवून त्यांना पांढरे कोरे कागद लावा. एक कागद आपल्या छातीवर, एक टोपीच्या पुढच्या बाजूला टाचा. मग रोजच्यासारखं, शेवटच्या तीन-चार तासांत फवारा. कागदांवरचे निळे ठिपके पाहिले की पुढचं काही सांगावं लागत नाही. मी ज्यांच्या-ज्यांच्या वावरात हे करून दाखवलं त्यांनी छातीवरचा कागद सगळ्यात जास्त वेळ हातात धरला.

त्याच टाकीत मापही करून घ्या. नोझल एका मिनिटात किती पाणी देतं ते भांड्यात मोजा. एका मिनिटात किती चालता आणि पट्टा किती रुंद भिजतो तेही बघा. मीटरभर पट्टा आणि मिनिटाला ४० मीटर चाल असेल तर अडीच मिनिटांत एक गुंठा होतो. नोझल मिनिटाला ८०० मिलिलिटर देत असेल तर गुंठ्याला २ लिटर, एकराला ८० लिटर. वाऱ्यामुळे पान भिजत नाही असं वाटून आपण औषधाची मात्रा वाढवतो. त्याऐवजी चाल कमी करावी.

ट्रॅक्टर, ब्लोअर आणि ड्रोन

यंत्र चालू लागलं की ते स्वतःचा वारा घेऊन येतं. मोठ्या वस्तूला होणारा हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट तर विरोध चौपट. ट्रॅक्टर जोरात नेला की त्याच्यामागे हवेचे भोवरे उठतात आणि बारीक थेंब बूमच्या वर उचलले जातात. ताशी ४ ते ५ किलोमीटरच्या पुढे जाऊ नये, आणि बूम पिकापासून अर्ध्या मीटरवर ठेवावा. द्राक्षबागेतल्या ब्लोअरचा पंखा ओळीतल्या पानांपुरती हवा देईल इतकाच लावावा. ओळीपलीकडे धुई निघताना दिसली तर हवा जास्त आहे. शेवटच्या ओळीला बाहेरच्या बाजूची नोझलं बंद करून फक्त आतल्या बाजूने मारावं.

ड्रोन एकराला साधारण १० लिटर पाण्यात काम उरकतो. इतक्या थोड्या पाण्यात सगळं शेत झाकायचं तर थेंब बारीक आणि औषध दाट असणारच. तो सावकाश आणि खाली उडतो तेव्हा पंख्यांची हवा थेंबांना पिकात दाबते, हा त्याचा मोठा फायदा. वेग वाढवला की ती हवा मागे रेलते आणि दोन्ही बाजूंना भोवरे उठून थेंब वर जातात. दिवसाला जास्त एकर उरकण्याच्या घाईत हेच होतं. ड्रोन भाड्याने आणला तर चालवणाऱ्याला आधी सांगून ठेवा: पिकाच्या दोन-तीन मीटरच्या वर नको, वाऱ्याखालच्या धुऱ्याचे शेवटचे पट्टे सोडून द्या.

हे सोडलेले पट्टे ही सगळ्यांसाठीच शेवटची पायरी. विहीर, गोठा किंवा नाजूक पीक असलेल्या बाजूला शेवटची काही तासं त्या दिवशी फवारू नयेत. वारा उलटा फिरेल त्या दिवशी ती पूर्ण करावीत. एका फेरीचा त्रास होतो, पण शेजाऱ्याशी वैर होत नाही.

फवारताना डोकं गरगरलं, मळमळलं, अंधुक दिसू लागलं, तोंडाला लाळ सुटली, तर तिथेच थांबा. भिजलेले कपडे काढा, साबणाने अंग धुवा आणि औषधाची बाटली किंवा निदान तिचं लेबल सोबत घेऊन दवाखाना गाठा. डॉक्टरांना औषधाचं नाव कळलं तर उपचार लवकर सुरू होतात.

पुढच्या फवारणीचा दिवस ठरला असेल तर आदल्या दिवशी निळीच्या पाण्याची ती एक टाकी नक्की मारा, आणि पंप मजुराच्या पाठीवर जाणार असेल तर छातीवर कागद लावून आधी स्वतः मारा.